पंचनाम्यात लेकराच्या दंडाचा घेरही लिहा

प्रति,
मा. संपादक,

विषय : पूरग्रस्त गावांतील पाच वर्षांखालील बालकांचे कुपोषण

महोदय,

पूर ओसरला की गावात पंचनामा होतो. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक चिखल तुडवत फिरतात. किती घरे पडली, किती जनावरे वाहून गेली, किती हेक्टर धान कुजले ते लिहून घेतात. पुढची मदत त्यावरच ठरते, म्हणून लोकही धुऱ्यावर उभे राहून वाट पाहतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाचे पाणी सुटल्यावर वैनगंगेने ब्रह्मपुरी, वडसा भागातली गावे बुडवली तेव्हा असेच पंचनामे झाले. जुलै २०२२ मध्ये गोदावरी आणि प्राणहिता सिरोंचा तालुक्यात शिरल्या तेव्हाही झाले. या कागदांत बकरीला रकाना आहे, गोठ्याला आहे. दोन वर्षांच्या लेकराला नाही. लेकरू जिवंत आहे म्हणजे नुकसान नाही, असा हिशेब धरला जातो.

पहिल्या आठवड्यात आरोग्य पथक येते. वजने होतात, मागच्या महिन्याच्या आकड्यांशी ती बहुतेक जुळतात आणि ‘कुपोषणात वाढ आढळली नाही’ असा अहवाल वर जातो. अहवालात खोटे काही नसते. मोजणीच फार लवकर झालेली असते.

पुराचे पाणी आषाढ-श्रावणात येते आणि लेकरू सुकलेले दिसते ते पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत. मधल्या आठवड्यांत एकामागून एक गोष्टी घडत जातात. आधी विहिरीत नाल्याचे पाणी मिसळते आणि हगवण लागते. हगवणीत भूक मरते, घरचे खाणे तोडतात, त्यात वजन उतरते. एक हगवण थांबेपर्यंत दुसरी लागते. तोवर रोवणा, म्हणजे धानाची लावणी वाहून गेलेली असते. पऱ्हे (रोपे) पुन्हा टाकायचे तर बियाणे उधारीवर आणावे लागते, आणि त्या आठवड्यांची मजुरी तर गेलेलीच असते. कोठीतले भिजलेले धान्य पंधरा दिवसांत वास मारू लागते. त्यानंतर डबकी साचून मलेरियाचे दिवस येतात. रेशनचा तांदूळ मिळतो, पण डाळ, तेल, शेंगदाणे, अंडी या चारही गोष्टी ताटातून गळालेल्या असतात. सांदवाडीतली भाजी पाण्याखाली सडली, तीही गेली. मोठा माणूस भात-मिठावर महिना काढतो. वर्षाच्या लेकराला ते जमत नाही.

म्हणून आमची पहिली मागणी अशी की पूरग्रस्त गावातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाचा दंडघेर चार वेळा मोजावा : पाणी उतरल्यावर पहिल्या आठवड्यात, मग चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात. पहिली मोजणी पंचनाम्यासोबत व्हावी आणि आकडे त्याच कागदांना जोडावेत. हजार वस्तीच्या गावात या वयाची साधारण ऐंशी-नव्वद लेकरे असतात. दोन माणसांचे एका दिवसाचे काम आहे.

मोजणी कशी करायची ते सविस्तर लिहितो, कारण घोळ तिथेच होतो. डावा हात घ्यायचा. बाही वर सरकवून चालत नाही, झबले काढायचेच. कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचे टोक यांतले अंतर मोजायचे आणि बरोबर मध्यावर पेनने खूण करायची. मग हात सैल खाली सोडायचा आणि खुणेवरून पट्टी फिरवायची. पट्टी सगळीकडून कातडीला टेकली पाहिजे, पण कातडी दबता किंवा गोळा होता कामा नये. आकडा ११.५ सेंमीच्या खाली असेल तर लेकरू तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम (पट्टीवर लाल). ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम, म्हणजे मॅम (पिवळा). घाईत खूण न करता पट्टी वर सरकते आणि दोन-तीन मिलिमीटर जास्त भरतात. एवढ्यात लाल लेकरू पिवळ्यात जाते आणि त्याचा उपचार हुकतो. कागदी पट्टी पावसात भिजली, ताणली गेली की टाकून द्यावी. रडणारे लेकरू दंड आवळून धरते, त्याला आईच्या मांडीवर शांत होऊ द्यावे आणि मग मोजावे.

यानंतर दोन्ही पायांच्या पंज्यांवर वरच्या बाजूने अंगठा तीन सेकंद दाबून धरावा. अंगठा काढल्यावर दोन्हीकडे खड्डा राहिला तर ती सूज आहे, आणि मग पट्टीचा आकडा काहीही येवो, लेकरू सॅममध्येच धरायचे आणि त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचे. ही तपासणी सर्वांत जास्त वगळली जाते. सुजलेले लेकरू गोबरे दिसते, काट्यावरही बरे भरते, आणि आजी कौतुकाने सांगते की पुरातही आमचे बाळ वाळले नाही.

दंडघेरावरच एवढा भर का, असे कोणी विचारेल. अंगणवाडीत वजनकाटा आहे, उंची मोजायची साधने आहेत, ती वापरावीतच. पण पुरानंतर डिजिटल काट्यात पाणी शिरलेले असते, जमीन खचून काटा एका बाजूला कललेला असतो आणि दोन वर्षांखालच्या बाळाला झोपवून लांबी मोजायची फळी फुगून सरकेनाशी होते. मग बाळाला उभे करून उंची घेतली जाते. उभ्याने ती साधारण ०.७ सेंमी कमी भरते आणि उंचीनुसार वजनाचा सगळा हिशेब बिघडतो. शिवाय वयानुसार कमी वजन आणि सॅम यांत अजूनही गल्लत होते. वयानुसार वजन कमी असलेले मूल बुटके असू शकते, आज वाळत चाललेले असेलच असे नाही. पुरानंतर शोधायचे आहे ते आज वाळत चाललेले. मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकर ॲपला रेंज लागते, आणि टॉवर बंद पडला की नोंदीही थांबतात, म्हणून साध्या वहीत नाव, वय, आकडा, सूज आहे की नाही आणि तारीख एवढे लिहिलेले असावे. वहीसाठी जाड प्लास्टिकची पिशवी लागेल. आणि हेही ध्यानात असू द्यावे की ज्या सेविकेने हे करायचे तिच्याही घरात पाणी शिरलेले असते. पहिल्या मोजणीला शेजारच्या कोरड्या गावातली सेविका आणि आशा पाठवणे जास्त बरे.

आता खाण्याकडे वळू. पुरानंतर घरोघरी लेकराला पेज दिली जाते. पेज हलकी असते, पचते, आणि लाकडे ओली असताना पटकन होते. तिचा हिशेब मांडून पाहा. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम तांदळाची सुमारे ३०० मिली पेज होते. तांदळात साधारण १०५ कॅलरी, म्हणजे १०० मिलीत ३५. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे २०० मिली मावते, किलोमागे ३० मिली या हिशेबाने. म्हणजे पोट टम्म भरूनही ७० कॅलरीच गेल्या. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज दिवसाला सुमारे ३०० कॅलरी वरच्या खाण्यातून लागतात, वर्षानंतर ५५०. पेजेने ते भागवायचे तर नऊ महिन्यांच्या बाळाला चार-पाच वेळा पोट भरून पाजावी लागेल. तेवढी पेज बाळ सहसा पीत नाही.

त्याच चुलीवर ५० ग्रॅम तांदूळ, २५ ग्रॅम मूगडाळ, १० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांचा बारीक कूट आणि दोन चहाचे चमचे तेल यांची घट्ट खिचडी केली तर ४०० कॅलरी आणि सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. घट्ट म्हणजे किती? चमचा उलटा केला तर खिचडी ओघळू नये, सावकाश गळून पडावी. तेल शिजवताना न घालता वाढताना लेकराच्याच वाटीत घालावे, नाहीतर ते सगळ्या घराच्या भांड्यात वाटले जाते. एका चमचा तेलात ४५ कॅलरी असतात आणि वाटी वाढत नाही, हे त्यातले मर्म. तिखट नंतर घालावे. आपल्याकडे मोठ्यांच्या वरणातला भात कुस्करून लेकराला देतात, दोन घास खाऊन ते तोंड फिरवते आणि ‘खातच नाही’ असे ठरते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला अर्ध्या वाटीपर्यंत दोन-तीन वेळा, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला अर्धी वाटी तीन-चार वेळा आणि वर्षापुढे पाऊण ते एक वाटी तीन-चार वेळा द्यावी. वाटी २५० मिलीची धरली आहे. आजारातून उठलेल्या लेकराला दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचे.

पण ज्या घराची चूलच वाहून गेली, तिथे खिचडीची कृती सांगून उपयोग नाही. मदतीच्या किटमध्ये गहू, तांदूळ, बिस्किटे, मॅगी असते. वर्ष-दीड वर्षाच्या लेकराला कामाचे त्यात फार थोडे. दर लेकरामागे १५ दिवसांसाठी ७५० ग्रॅम सालकाढे फुटाणे, ४५० ग्रॅम भाजके शेंगदाणे आणि ३०० ग्रॅम गूळ एवढे किटमध्ये घातले तर शिजवल्याशिवाय रोज चारशेच्या वर कॅलरी आणि १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. मात्र फुटाणे आणि शेंगदाणे दळूनच द्यायचे. अख्खा दाणा पाच वर्षांखालच्या लेकराच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. गूळ वेगळ्या पुडीत ठेवायचा आणि खायला देताना कालवायचा, कारण एकत्र केले की पावसाळी हवेत गूळ पाणी सोडतो आणि चार दिवसांत पिठाला बुरशी येते. भिजलेले, काळपट, कडवट शेंगदाणे निवडून फेकावेत, वापरू नयेत. त्यांवरच्या बुरशीचे विष भाजूनही पूर्ण जात नाही. कालवायला उकळून गार केलेले पाणी घ्यायचे आणि उरलेले लगेच मोठ्याने खाऊन टाकायचे, पुढच्या वेळेसाठी झाकून ठेवायचे नाही.

अंगणवाडीतून मिळणारा टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा पाकिटातला आहार, सहा महिने ते तीन वर्षांच्या एका लेकराच्या हिशेबाने ठरवलेला आहे. पुरानंतर घरात दुसरे काही नसते, त्यामुळे त्या पाकिटावर पाच तोंडे बसतात. यात आईचा दोष काढू नये. घराला पुरेल एवढी डाळ-तेलाची मदत सोबत दिली तरच पाकीट लेकराच्या पोटात जाते.

आईच्या दुधाबद्दल दोन गोष्टी. धसक्याने पान्हा आटतो असे गावोगाव मानतात. भीतीने आणि दमणुकीने दूध उतरायला वेळ लागतो, एवढे खरे. बाळाला दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा छातीला लावत राहिले की दूध पुन्हा येते. लावणे थांबवले तर मात्र ते खरेच आटते. दुसरी गोष्ट दानशूरांसाठी. दूध पावडरचे डबे आणि बाटल्या वाटू नका. गढूळ पाणी, न उकळलेली बाटली आणि डबा पुरवायचा म्हणून पातळ केलेले दूध यांतून बाळाला हगवण आणि उपासमार दोन्ही भेट मिळतात. १९९२ च्या कायद्याने अनाथालये सोडून इतरत्र असे दूध आणि बाटल्या दान करायला बंदीच आहे. आई नसलेल्या बाळासाठी पावडर लागली तर ती आरोग्य केंद्रातून, वाटी-चमच्याने पाजायची पद्धत शिकवूनच द्यावी.

पाणी बिघडलेले राहिले तर वरचे सगळे वाया जाते, त्यामुळे विहिरीवर थोडे जास्त लिहितो. नेहमीचा प्रकार असा : कर्मचारी काठावर उभा राहतो, टीसीएलची (ब्लीचिंगची) कोरडी पावडर ओंजळीने आत फेकतो आणि नोंदवहीत ‘शुद्धीकरण केले’ असे लिहितो. पावडर चुन्यासकट तळाशी बसते आणि पाणी होते तसेच राहते. आधी हिशेब करावा. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल असेल तर ३.१४ गुणिले ३ गुणिले ३ गुणिले ४, भागिले ४, म्हणजे सुमारे २८ घनमीटर, म्हणजेच २८ हजार लिटर. एरवी हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली पावडर लागते, म्हणजे ७० ग्रॅम. पुरानंतर दुपटीने सुरुवात करावी. एका बादलीत १०० ग्रॅमहून जास्त घेऊ नये. थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून लगदा करायचा, बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायचे, दहा मिनिटे निवळू द्यायचे. वरचे निवळ दुसऱ्या बादलीत ओतायचे आणि तळचा चुना विहिरीत न टाकता लांब फेकायचा. निवळाची बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली, आजूबाजूला फिरवायची. तासभर कोणी पाणी भरायचे नाही, म्हणून हे काम रात्री करावे. सकाळी ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला का ते पाहण्याच्या चाचणीला, पिवळा रंग आला पाहिजे. आला नाही तर मात्रा वाढवून पुन्हा करावे. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्च होतो, तेव्हा शक्य तिथे विहीर आधी उपसून घ्यावी. आणि पावडर? चांगल्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण ग्रामपंचायतीच्या ओल्या खोलीत तोंड उघडे राहिलेल्या पोत्यात तो उरतच नाही. हुंगून नाकाला झोंबली नाही तर ती पावडर चुना समजावी.

हगवण लागलीच तर ओआरएसचे अख्खे पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवायचे. पेलाभर पाण्यात अर्धे पाकीट टाकण्याची सवय घातक आहे. ते पाणी खारट होते आणि लेकराच्या रक्तात मीठ वाढवते. दोन वर्षांखालच्या लेकराला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, घोटाघोटाने. उरलेले २४ तासांनी ओतून द्यायचे. सोबत झिंक १४ दिवस : दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळ्याही तिसऱ्याच दिवशी थांबतात, हा नेहमीचा अनुभव. पुढचे अकरा दिवस पुढची हगवण टाळण्यासाठी असतात, हे आशाने पाकीट हातात देतानाच सांगावे. सॅम लेकराला हगवण लागली तर मात्र घरी थांबू नये. त्याची कातडी एरवीही सैल असते, त्यामुळे चिमटा घेऊन पाण्याची कमतरता कळत नाही, आणि सरसकट ओआरएस त्याला झेपत नाही.

सॅम लेकरू खात असेल, ताप, उलटी, सूज, धाप यांतले काही नसेल तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे व्हीसीडीसीत भागते. नाहीतर पोषण पुनर्वसन केंद्र गाठावे. फार वाळलेल्या लेकराला पहिल्याच दिवशी प्रेमाने दूध-तूप भरपूर भरवू नये. त्याचे हृदय आणि यकृत ते पेलत नाही, म्हणून केंद्रात सुरुवात १०० मिलीला ७५ कॅलरीच्या दुधाने थोडे थोडे करून होते. तिथे सुमारे १४ दिवस राहावे लागते, आणि आई पाचव्या दिवशी निघून जाते. तिला अडाणी म्हणणारे बरेच भेटतात. दुबार रोवण्याची मजुरी त्याच पंधरवड्यात मिळायची असते आणि घरी आणखी दोन लेकरे असतात, हे कोणी विचारत नाही. केंद्रात राहिल्याने बुडालेल्या मजुरीची भरपाई महिन्या-दीड महिन्याने खात्यात आली तर त्या रकमेने कोणी थांबत नाही. ती आठवड्याच्या आठवड्याला, केंद्रातच मिळावी.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षे पाहतो आहोत. अशा गावांसाठी पावसाळ्याआधी रेशनचे धान्य पोहोचवायची सोय १९९५ पासूनच्या नवसंजीवन योजनेत आहेच. त्याच गाडीतून मे महिन्यात दर अंगणवाडीला एवढे जावे : चार दंडघेर पट्ट्या, एक वही, ओआरएस आणि झिंक दर लेकरामागे दोन हगवणींना पुरेल इतके, टीसीएलची सीलबंद पिशवी, ओटी किट, आणि शेंगदाणे-फुटाणे-गुळाचा पंधरा दिवसांचा साठा. तो अंगणवाडीत जमिनीवर ठेवू नये. गावात सर्वांत उंचावर ज्याचे घर असेल त्याच्याकडे, फळीवर ठेवावा आणि त्या घराचे नाव तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात लिहून ठेवावे.

यंदाचा आराखडा लिहिणाऱ्यांना यापलीकडे एकच काम आहे. पंचनाम्याच्या फॉर्मवर पाच रकाने वाढवावेत : बालकाचे नाव, वय, दंडघेर, सूज, आणि पुढच्या मोजणीची तारीख.

आपले,
गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांत बालपोषणाचे काम करणारे काही कार्यकर्ते